मोठा भाऊ, जाड पुस्तक आणि साडेपाच बँड

आमच्या घरात कॅनडाचं वारं शिरलं ते २०२३च्या दिवाळीत. तिथे स्थलांतरासाठी करायच्या अर्जात मुख्य अर्जदार हे, पण जोडीदाराच्या इंग्रजीचेही थोडे पॉइंट धरतात, म्हणून आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा मलाही द्यायची होती. लिसनिंग, रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग या चारही विभागांत किमान ६ बँड (म्हणजे तिथले गुण) मिळवायचे असं आमचं ठरलं, कारण त्याखाली गेलं की पॉइंट घटतात. मी त्रेचाळीस वर्षांची. बडोद्याच्या दांडिया बाजारात लहानाची मोठी झाले, शाळा मराठी माध्यमाची, कॉलेजात अर्ध्या गप्पा गुजरातीत, आणि गेली सोळा वर्षं मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात अकाउंट्स बघते. माझं इंग्रजी म्हणजे ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ आणि ‘काइंडली डू द नीडफुल’.

पहिल्या खेपेला मी रायटिंगमध्ये आपटले, दुसऱ्या खेपेला काठावर निघाले. मधल्या दोन महिन्यांत जे केलं ते मुख्यतः विशेषणांवर केलं. कोणी त्याच जागी अडकलं असेल तर वाचावं, म्हणून सगळं तारीखवार लिहिते आहे.

आधी पासपोर्ट. माझ्या पासपोर्टची मुदत कधीच संपलेली. या परीक्षेची नोंदणी पासपोर्टवर होते आणि परीक्षेच्या दिवशी तोच पासपोर्ट हातात लागतो, झेरॉक्स चालत नाही. ज्या पासपोर्टवर नोंदणी तोच घेऊन जायचा, तेव्हा नूतनीकरण आधी उरका, मग फॉर्म भरा. फी १,५०० रुपये. २७ नोव्हेंबरची अपॉइंटमेंट मिळाली, पोलीस पडताळणी झाली आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पोस्टमन पाकीट देऊन गेला. इथवर काहीच अडलं नाही, म्हणून मला उगाचच वाटलं की पुढचंही असंच होईल.

उत्तरायण (आपली संक्रांत) आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण उरकून, बोटांवर मांज्याचे काप असतानाच, १७ जानेवारीला क्लास लावला. सहा आठवडे, ९,००० रुपये, संध्याकाळी सात ते साडेआठ. वर्गात सगळी वीस-बावीसची मुलं, मी एकटी ‘आंटी’. क्लासचं नाव घेत नाही, मुलं मेहनती होती आणि शिकवणारेही वाईट नव्हते. पण त्यांचा सगळा जोर ‘हाय लेव्हल’ शब्दांवर. दर सोमवारी वीस शब्दांची यादी मिळायची. ‘युबिक्विटस’, ‘प्लेथोरा’, ‘मिरियड’. निबंधात पाच तरी घाला, म्हणायचे. मी घालायचे. ‘युबिक्विटस पोल्युशन इज अ व्हेरी ह्यूज प्रॉब्लेम.’ अशी वाक्यं मी कौतुकाने घरी वाचून दाखवत असे आणि सासूबाई मान डोलवत असत. त्यांना इंग्रजी येत नाही, हे इथे सांगायला हवं.

मार्चमध्ये फॉर्म भरला. फी तेव्हा १७,००० रुपये. जनरल ट्रेनिंग (स्थलांतरासाठी लागतो तो प्रकार), कॉम्प्युटरवर, तारीख शनिवार २० एप्रिल. फॉर्म भरताना ॲकॅडमिक की जनरल हे दोनदा तपासा, दोन्हींची फी तीच असते आणि चूक पैसे गेल्यावरच कळते. स्पीकिंगची वेळ वेगळी मिळते, कधी दुसऱ्या दिवसाचीही. मला त्याच दिवशी दुपारची मिळाली.

परीक्षेच्या दिवशी बॅग, मोबाइल, घड्याळ सगळं बाहेर. फोटो, बोटाचा ठसा. आत पासपोर्ट आणि पाण्याची पारदर्शक बाटली, तिच्यावरचं लेबलही काढलेलं. लिसनिंग, रीडिंग, रायटिंग ओळीने, मध्ये सुट्टी नाही. हे मला माहीत होतं, तरी सकाळी दोन कप चहा पिऊन गेले, त्याची शिक्षा रीडिंगच्या चाळिसाव्या मिनिटाला मिळाली. रायटिंगला एक तास: आधी किमान दीडशे शब्दांचं पत्र, मग किमान अडीचशे शब्दांचा निबंध. पत्राला वीस मिनिटं आणि निबंधाला चाळीस, ही वाटणी आपणच पाळायची. स्क्रीनवर शब्द मोजून दिसतात, पण चुकीच्या स्पेलिंगखाली लाल रेघ येत नाही. आजूबाजूला पंधरा कीबोर्ड टकटकत असतात. मी ऑफिसात सहज टाइप करते, तिथे मात्र बोटं जड झाली.

दुपारी स्पीकिंग. अकरा ते चौदा मिनिटांचा मामला. समोरच्या बाई शांत, हसऱ्या. रविवारी काय करता, असं काहीसं विचारलं आणि मी म्हणाले, “ऑन संडेज आय ॲम व्हेरी बोरिंग.” त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. मला रिक्षात बसल्यावर कळलं की मी काय बोलले.

चौथ्या दिवशी, २४ एप्रिलला निकाल आला. लिसनिंग ७, रीडिंग ६.५, स्पीकिंग ६.५, रायटिंग ५.५. ओव्हरऑल ६.५.

अर्ध्या बँडने गेलं. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून पाच-सहा वेळा पान रिफ्रेश केलं, जणू आकडा बदलणार होता. ह्यांनी फोनवर “होईल गं पुढच्या वेळी” म्हटलं आणि मला त्याचाच जास्त राग आला.

आता इथली कागदपत्री बाजू. तीन वाटा असतात. एक, फेरतपासणी: ठरलेल्या मुदतीत अर्ज करायचा, त्याची वेगळी फी, बँड वाढला तर फी परत. दोन, फक्त एका विभागाची पुन्हा परीक्षा, ती पहिल्या परीक्षेपासून साठ दिवसांत. हे ऐकून मी उड्याच मारल्या, पण आम्हाला ज्या कामासाठी निकाल हवा होता तिथे असा जोडनिकाल चालत नाही असं कळलं. तुमच्या कामाला चालतो का, हे पैसे भरण्याआधी विचारा. तीन, सगळी परीक्षा पुन्हा. फेरतपासणीचा मोह झाला होता. पण ‘व्हेरी ह्यूज’ लिहिलेलं मला आठवत होतं. मी तिसरी वाट धरली आणि २९ जूनची तारीख घेतली. परत १७,०००.

निकालाच्या कागदावर फक्त आकडा असतो. काय चुकलं हे कोणी सांगत नाही. हिशेब तपासनीसाने ‘ताळेबंद जुळत नाही’ एवढंच लिहून निघून जावं, तसं.

आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, सगळा मोहल्ला त्यांना बाई म्हणतो. मी शाळेत त्यांच्या हाताखाली नव्हते, पण आमच्या गल्लीत त्यांना घाबरायला विद्यार्थी असावं लागत नाही. २९ एप्रिलला संध्याकाळी क्लासमधले अकरा निबंध घेऊन गेले. बाईंनी चष्मा पुसला, लाल पेन काढलं आणि तासभर काही बोलल्या नाहीत. पंख्याचा आवाज आणि पेनाची खरखर.

मग म्हणाल्या, “तू हिशेबनीस ना गं? मग मोज. कुठल्या खात्यात किती गळती आहे ते मला सांग.”

मी मोजलं. एकूण त्रेसष्ट लाल खुणा. आर्टिकलच्या चौदा, काळाच्या दहा, स्पेलिंग वगैरे बारा. उरलेल्या सत्तावीस विशेषणांच्या. मला वाटायचं विशेषण म्हणजे सहावीतला धडा, नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द, संपलं.

“तुला विशेषणं येत नाहीत असं नाही,” बाई म्हणाल्या. “तू मराठी विशेषणाला इंग्रजी सदरा चढवतेस. ‘बिग ब्रदर’ म्हणजे काय, धिप्पाड भाऊ? आणि हे ‘फॅट बुक’?”

मोठा भाऊ, मोठं घर, मोठा आवाज, मोठा माणूस. आपला एक ‘मोठा’ सगळीकडे खपतो. इंग्रजीत भाऊ ‘एल्डर’, घर ‘बिग’, आवाज ‘लाउड’, माणूस ‘ग्रेट’. आणि ‘एल्डर’ची आणखी एक खोड: ‘एल्डर ब्रदर’ चालतं, पण तुलना करताना ‘ओल्डर दॅन मी’च म्हणायचं. जाड माणूस ‘फॅट’, पण जाड पुस्तक ‘थिक’. दाट धुकंही ‘थिक’, दाट वस्ती मात्र ‘डेन्स’. कडक चहा ‘स्ट्राँग’, कडक ऊन ‘हार्श’, कडक साहेब ‘स्ट्रिक्ट’, कडक भाकरी ‘हार्ड’. बाई भराभर सांगत होत्या आणि मी लिहून घेत होते. घरी आल्यावर ठरवलं की हे सुट्या कागदांवर राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी रावपुऱ्यातून साठ रुपयांची लांब वही आणली आणि खतावणी सुरू केली. एका पानावर एक मराठी विशेषण, हेच खातं. डाव्या बाजूला मी केलेली चूक तारखेसह, उजव्या बाजूला दुरुस्ती, खाली एका ओळीत कारण. ‘मोठा’चं खातं सगळ्यात लठ्ठ झालं, एकवीस नोंदी. एकाच शब्दाच्या सगळ्या चुका एका पानावर आल्या की आपली खोड दिसते. तारखेप्रमाणे लिहिलं असतं तर तो नुसता रोजमेळ झाला असता.

बाईंकडे मी आठवड्यातून तीन संध्याकाळी जायचे. पैसे घेत नसत. एकदा पाकीट नेलं तर म्हणाल्या, “हे आत ठेव आणि पुढच्या वेळी लीलो चिवडो आण.”

माझ्या ‘बोरिंग’ची गोष्ट त्यांना सांगितली तेव्हा त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग वहीत लिहायला लावलं: थकलेला, थकवणारा. “-लेला आला की इंग्रजीत ‘-एड’, -णारा किंवा -वाणा आला की ‘-इंग’. कंटाळलेली तू, कंटाळवाणं भाषण. गोंधळलेला विद्यार्थी ‘कन्फ्यूज्ड’, गोंधळात टाकणारा प्रश्न ‘कन्फ्यूजिंग’.” माझी अडचण अशी की आपण ‘मी कंटाळलेली आहे’ असं फारसं म्हणतच नाही. ‘मला कंटाळा आला’ म्हणतो. कंटाळा येतो, राग येतो, मजा येते, सगळे आपले पाहुण्यासारखे येतात आणि जातात. त्यामुळे इंग्रजी वाक्य जुळवताना तिथे विशेषण लागतं हेच लक्षात येत नाही, आणि घाईत जे हाताला लागेल ते चिकटतं. यावर एकच उपाय लागू पडला: बोलण्याआधी मनात ‘-लेला’ लावून बघायचं. पहिले दोन आठवडे त्यामुळे मी इतकी अडखळत बोलायचे की मुलगा म्हणाला, “आई, तुझं नेटवर्क गेलंय का?”

‘व्हेरी ह्यूज’चा निकाल असाच घरच्या शब्दांनी लागला. बाईंनी विचारलं, “खूप काळाकुट्ट म्हणतेस का? खूप हिरवंगार? खूप पांढरंशुभ्र?” नाही म्हणत. कुट्ट, गार, शुभ्र यांतच ते ‘खूप’ आलेलं असतं. तसंच ‘ह्यूज’, ‘इनॉर्मस’, ‘फ्रीझिंग’, ‘एक्झॉस्टेड’, ‘डिलिशस’ यांच्या पोटात ‘व्हेरी’ आधीच बसलेलं आहे. लागलंच तर ‘ॲब्सोल्यूटली’ लावायचं. ‘व्हेरी’ हवं तर साधं ‘बिग’, ‘कोल्ड’, ‘टायर्ड’ घ्यायचं. त्या दिवसापासून अशा शब्दांना मी वहीत ‘कुट्ट’ असा शिक्का मारू लागले. कुट्ट खात्यात ‘व्हेरी’ जमा करायचं नाही.

तुलनेत मी दोन्ही टोकांना चुकत होते. मराठीत ‘माझ्यापेक्षा उंच’ म्हणताना ‘उंच’ जागचा हलत नाही, सगळं काम ‘पेक्षा’ करतो. म्हणून आधी ‘टॉल दॅन मी’ लिहायचे. क्लासमध्ये ओरडा खाल्ल्यावर ‘मोअर टॉलर’ लिहू लागले. बाई म्हणाल्या, “तारतम्य हा शब्द कशापासून झाला माहीत आहे? तर आणि तम. उच्चतर, उच्चतम. शाळेत लघुतम साधारण विभाज्य काढायचीस की नाही? त्यातला तम तोच. इंग्रजीतले ‘-अर’ आणि ‘-एस्ट’ तसेच समज. छोट्या शब्दांना ते लागतात, लांबलचक शब्दांना ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’. दोन्ही एकदम लावलेस तर डबल एन्ट्री होईल.” डबल एन्ट्री म्हणजे चूक नव्हे, ती तर आमची पद्धत, असं मी म्हणून पाहिलं. त्यांनी नुसतं पेन दाखवलं.

बारीकसारीक बरंच होतं. ‘चांगला, चांगली, चांगले’ची सवय म्हणून ‘अदर्स पीपल’ लिहायचे, तर इंग्रजी विशेषणाला ना लिंग ना वचन. ‘दहा वर्षांचा मुलगा’ मधलं अनेकवचन घेऊन ‘टेन-इयर्स-ओल्ड बॉय’ लिहायचे, तिथे ‘इयर’च राहतं. ‘अ बॅग’ बरोबर, पण मध्ये ‘ओल्ड’ आलं की ‘ॲन ओल्ड बॅग’ हे विसरायचे. ‘हॉट हॉट टी’ एका सरावपत्रात सापडलं, त्यावर बाईंनी नुसतं उद्गारचिन्ह काढलं.

खरी मजा क्रमाची. सरावाचा एक ठरलेला विषय असतो: गाडीत बॅग विसरली, तिचं वर्णन करून पत्र लिहा. मी लिहिलं होतं ‘लेदर ब्राउन ओल्ड स्मॉल बॅग’. क्लासमध्ये क्रमाचा तक्ता दिला होता, पण तो पाठ होईना. मे महिन्याच्या मधल्या एका रविवारी बाई म्हणाल्या, “घरातली एखादी जुनी वस्तू घेऊन ये.” मी माझ्या आईची शिवणाची पेटी नेली. झाकणावर वेल कोरलेली, लाल रंग कडेने उडालेला, आत अजून काजबटणाचा दोरा आणि एक गंजलेलं अंगुस्तान.

“मराठीत सांग काय आहे ते.”

“सुंदर जुनी लाल लाकडी पेटी.”

“आता उलट्या बाजूने म्हण.”

“लाकडी लाल जुनी सुंदर पेटी.” मलाच हसू आलं.

“हसलीस? म्हणजे क्रम तुला येतो. तुला कोणी शिकवला नव्हता.”

आधी आपलं मत, मग माप, वय, घाट, रंग, गाव, माल आणि नामाला अगदी चिकटून काम. ‘अ ब्यूटिफुल ओल्ड रेड वुडन बॉक्स’. वहीच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: मत, माप, वय, घाट, रंग, गाव, माल, काम. मराठीत हा क्रम एवढा काटेकोर नाही, ‘लाल जुनी पेटी’ म्हटलं तर कोणी वळून बघत नाही. इंग्रजीत ते कानाला टोचतं. पण अडलं की मी मराठीत म्हणून बघते आणि बहुतेकदा सुटतं. आठही विशेषणं एका नामाला लावण्याचा उत्साह मला आला होता, तो बाईंनी लगेच उतरवला. “दोन, फार तर तीन. सगळे दागिने एकाच लग्नात घालायचे नसतात.”

जूनमध्ये रोज एक पत्र किंवा एक निबंध, घड्याळ लावून. शेवटची पाच मिनिटं फक्त विशेषणांसाठी राखायची: प्रत्येक विशेषणावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, कुठल्या नामाचं, कुट्ट आहे का, -लेला की -णारा. क्लासमधले जडजंबाल शब्द पूर्ण सोडले. हे माझं मत आहे, पण ठाम आहे: ‘हेवी रेन’ नीट लिहिता येत नसेल तर ‘प्लेथोरा’वर पैसे घालवू नयेत. बाई वाचनासाठी काही सांगत नसत, एवढंच म्हणत, “मांडवीला सेंट्रल लायब्ररी आहे, सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये काढली ती तुझ्यासारखीसाठीच.” दोन शनिवारी जाऊन बसले. इंग्रजी पेपरातली विशेषणं पेन्सिलने वहीत उतरवून आणली.

२९ जूनला चहा एकच कप. यावेळी पत्रात दोन विशेषणांवर अडले, मनात मराठीत म्हटलं आणि लिहिलं. निबंध दोनशे अठ्ठ्याहत्तर शब्दांचा झाला. स्पीकिंगमध्ये ‘एक्साइटेड’ म्हणायच्या आधी अर्धा सेकंद थांबले, पण म्हणाले ते बरोबर. संध्याकाळी डोकं सुन्न असताना वर्ल्ड कपची फायनल, आणि शेवटची ओव्हर आमच्या बडोद्याच्या हार्दिकची. रात्री न्याय मंदिराकडे जो गोंगाट झाला त्यात माझी परीक्षा कोणाच्या लक्षातही राहिली नाही, मला त्याचं बरंच वाटलं.

बुधवारी ३ जुलैला निकाल. लिसनिंग ७, रीडिंग ६, रायटिंग ६, स्पीकिंग ६.५. ओव्हरऑल पुन्हा तोच ६.५. रायटिंग अर्ध्याने चढलं आणि रीडिंग अर्ध्याने उतरलं, तरी एकही खातं सहाच्या खाली गेलं नाही. हा अर्धा बँड विशेषणांचाच, असं छातीठोक सांगता येणार नाही, कागदावर कारण लिहिलेलं नसतं.

एकूण खर्च: पासपोर्ट १,५००, क्लास ९,०००, परीक्षा दोनदा मिळून ३४,०००, वही ६०. बेरीज ४४,५६०. रिक्षा आणि चिवडा धरलेला नाही.

त्याच संध्याकाळी चिवड्याचं पाकीट आणि निकालाची प्रिंट घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला, कागद डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

“रीडिंग खाली कसं आलं गं?”

“माहीत नाही, बाई.”

“हं.” त्यांनी चिवडा वाटीत ओतला. “ती वही दे. कोपऱ्यावरच्या मुलीची सप्टेंबरात परीक्षा आहे, तीपण भावाला ‘बिग’ म्हणते.”

वही दिली नाही, झेरॉक्स दिली. शहाऐंशी पानं, दोन रुपयांप्रमाणे एकशे बहात्तर. ही नोंद वरच्या बेरजेत यायची राहिली.